विकाऊ घराची करणी

१. दोन दारं, दोन किंकाळ्या

बाई किंचाळली की ती कशाने किंचाळली हे मला नुसत्या आवाजावरून कळतं. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून जन्म गेला माझा. पाल अंगावर पडल्याची किंकाळी वेगळी, पोळल्याची वेगळी, आणि नवऱ्याला ऐकू जावी म्हणून काढलेली तर फारच वेगळी. त्या सकाळी शेजारच्या घरातून आल्या त्या खऱ्याखुऱ्या भीतीच्या होत्या. आणि एक नव्हती, दोन होत्या. एक पुढच्या दारातून आली, दुसरी मागच्या.

मास्तर पोहे खात होते. मास्तर म्हणजे आमचे हे, धर्मपाल, जिल्हा परिषद शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. निवृत्त झाल्यापासून आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे या वसाहतीत, कोणाचं काही हरवलं की शोधायला हे हजर. आजवर त्यांनी एक सायकल आणि एक कवळी शोधून दिली आहे, आणि कवळी तर त्या माणसाच्या तोंडातच होती. पण लोक त्यांना मानतात. मानू देत बिचारे.

आम्ही धावलो. शेजारचं घर अंकुर ढोलेचं. दारात त्याची आई, विमलताई, छातीवर हात ठेवून उभी होती. अंगणात घर पाहायला आलेलं पुसदचं एक जोडपं, त्यांच्यामागे जमिनीचा दलाल रामसिंग. आणि उंबऱ्यावर तळहाताएवढी एक कणकेची बाहुली, कुंकवाने माखलेली, बाजूला टाचण्या टोचलेलं लिंबू. एवढ्यात मागून अंकुरची बायको सुरभी धापा टाकत आली. बोअरची मोटर सुरू करायला गेली होती बिचारी, तर तिथेही तसलीच दुसरी बाहुली.

पुसदच्या बाईंनी काढलेली चप्पल परत पायात घातली आणि नवऱ्याकडे नुसतं पाहिलं. गाडी सुरू झाली. रामसिंग गाडीमागे पळत होता, ताई निदान चहा तरी घ्या म्हणत होता, पण करणी केलेल्या घरचा चहा कोण पिणार?

ही तिसरी वेळ. पहिल्या वेळी बाभुळगावचे लोक आले होते, दुसऱ्या वेळी दारव्ह्याचे. दोन्ही वेळा उंबऱ्यावर एकेक बाहुली सापडली आणि दोन्ही वेळा अंकुरने ती काठीने ढकलत नेऊन नाल्यात टाकली. या वेळी मात्र बाहुल्या दोन होत्या.

सगळे चार हात लांब उभे. मास्तर पुढे झाले, उंबऱ्यावरचं लिंबू उचललं आणि दाबून पाहिलं. विमलताईंनी डोळे मिटून घेतले.

"सत्यभामा," मास्तर मला म्हणाले, "झाकणाचा डबा आण. हे सगळं आपल्या घरी नेऊ."

२. नफा कुठे गेला

करणीच्या बाहुल्या माझ्या जेवणाच्या टेबलावर. मी त्यांना म्हटलं, कवळीपर्यंत ठीक होतं. पण मास्तरांना भिंग सापडलं होतं आणि भिंग हातात आलं की ते माझं ऐकत नाहीत.

लिंबाची गंमत आधी निघाली. टाचण्या काढल्या तसे त्याचे दोन तुकडे झाले. कापून, रस पिळून घेतलेल्या फोडी होत्या त्या, टाचण्यांनी परत जोडलेल्या. मागच्या दाराचं लिंबू अख्खं होतं, पण वाळून सुपारीसारखं कडक झालेलं. उन्हाळ्यात लिंबाचा भाव काय असतो तुम्हाला माहीत आहे. करणी करणारा माणूस काटकसरी आहे, असं मास्तर म्हणाले. मग या गृहस्थाने बाहुलीच्या पायाचा, कुंकू न लागलेला, कणभर तुकडा मोडून जिभेवर ठेवला. मी कपाळाला हात लावला.

"ओवा आहे," ते म्हणाले. "मीठही आहे." दुसरीचा पाय चाखला. "ही फिक्की."

बाहुलीला चव कशाला लागते, असं मी विचारलं. त्यावर ते भिंग पुसायला लागले, म्हणजे त्यांनाही माहीत नव्हतं.

संध्याकाळी अंकुर आला. याचं सगळं रामायण सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल बिचाऱ्यावर कोणी उगाच जळतं. दत्त चौकात याचं इन्व्हर्टर-बॅटरीचं चांगलं चालतं दुकान होतं. आमच्याकडे उन्हाळ्यात लाईट किती जाते ते पाहता हा धंदा म्हणजे दुभती म्हैस. पण मोबाईलवर कोण्या कोट घातलेल्या माणसाचे व्हिडिओ पाहिले आणि याच्या डोक्यात भरलं. पडेल भावात जुनं घर घ्यायचं, रंग-फरशी करून नटवायचं आणि चढ्या भावात विकायचं. दुकान बंद. घर नटेपर्यंत भाडं वाचावं म्हणून कुटुंब त्याच घरात राहणार, विकलं की पुढच्या घरात. पहिलं घर तेजीत गेलं, पेढे वाटले. दुसरं गेलं तेव्हा पेढे नव्हते. तिसरं कसं गेलं ते तो सांगत नाही. हे चौथं.

आता बाजार असा झोपला आहे की विचारू नका. आमच्या लेआउटमध्ये एक फेरी मारा, नावाच्या पाट्या कमी आणि 'विकणे आहे'च्या जास्त. सगळेच विकणारे. घेणारा कोण, तर तोही मनात पुढे विकायचंच धरून येतो. मी अंकुरला मागेच म्हटलं होतं, अरे, घर म्हणजे बैल आहे का, शिंगं रंगवून बाजारात उभा करायला? तर मला म्हणाला, काकू, तुम्हाला मार्केट समजत नाही. मला नाहीच समजत. पण मला हे समजतं की तीन घरं विकलेल्या माणसाचं स्वतःचं एक असायला हवं.

मास्तरांनी त्याला तेच विचारलं. "नफ्यातून घेतलं काय तू?"

"पुढचं घर," अंकुर म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याच्याच लक्षात आलं बहुतेक, कारण तो खाली पाहायला लागला.

मग खरं ते बोलला. हप्ते थकत आले होते. पोलिसांत जायची सोय नाही, कारण बातमी फुटली की घराला कुत्रं विचारणार नाही. पलीकडचे शेजारी बबनराव घर घ्यायला तयार होते, पण खरेदीच्याही खालच्या भावात. तसं दिलं तर उरलेलं कर्ज फेडायला आईच्या नावचं बाभुळगावचं शेत विकावं लागणार, आणि राहायला भाड्याच्या दोन खोल्या.

"सर, हे करणी करणारं कोण आहे ते शोधा," तो म्हणाला. "नाहीतर रविवारी मी बबनरावकाकांचा इसार घेऊन मोकळा होतो. मले आता भेव लागून राह्यलं. सुरभीले तर मागच्या खेपेच्या बाहुलीनं ताप भरला होता."

रविवार म्हणजे परवा.

३. दलाल आणि शेजारी

मास्तरांचा पहिला संशय बबनरावांवर. घर स्वस्तात कोणाला मिळणार? त्यांना. मुलीला शेजारी आणून ठेवायचं त्यांच्या फार मनात. आम्ही गेलो तेव्हा ते व्हरांड्यात खानावळीचा डबा उघडत होते. बायको पुण्याला मुलाकडे, नातवाचं करायला गेलेली, आणि यांना चहासुद्धा येत नाही. स्वयंपाकघराच्या ओट्यावर वर्तमानपत्रांचा गठ्ठा पडला होता.

बाहुलीचं नाव काढताच त्यांनी डबा परत झाकला. मनगटात धागे, दंडाला ताईत, दारावर बिब्बा आणि नाल. ते म्हणाले की पहिली बाहुली सापडल्यापासून ते अंकुरच्या घरापुढून जातच नाहीत, किराणा आणायलाही मागून वळसा घालतात. मग ते घर घेता कसे, असं मास्तरांनी विचारलं. तर शांती करून घेणार आणि शांतीचा खर्च भावातून कापणार. माणूस भित्रा असला तरी व्यवहाराला पक्का.

तरी मला ते खोटं बोलतात असं वाटलं नाही. मास्तरांनी खिशातून टाचणी काढून टेबलावर ठेवली तर हे खुर्चीसकट मागे सरकले. हा माणूस बाहुली करेल आणि पहाटे अंधारात नेऊन ठेवेल? छे.

"अन् कणिक कुठून आणतील?" मी रस्त्यात म्हटलं. "त्यांच्या घरात परात तरी आहे का?"

मास्तरांनी मान डोलावली. हे आपल्या आधीच लक्षात आलं होतं असा चेहरा केला. चाळीस वर्षं मी तो चेहरा पाहते आहे.

रामसिंग राठोड आम्हाला चहाच्या टपरीवर भेटला. घर विकलं तर याला दलाली, मग हा कशाला मोडता घालेल? पण मास्तरांचं डोकं तिरपं चालतं. घर पडेल भावात बबनरावांना गेलं तर रामसिंगची दलाली दोन्हीकडून, आणि वणवण नाही. रामसिंग हे ऐकून चिडला नाही, हसला. म्हणाला, "मास्तर, आजकाल पार्टी चहा पिते, बोअर पाहते, मोबाईलवर फोटो काढते अन् जाते. एक घर विकाले मले बूट झिजवावे लागते. माह्याच पायावर मी कायले दगड मारू?"

तिन्ही वेळा तो सकाळपासून गिऱ्हाइकाच्याच गाडीत बसून आला होता. पहिल्या वेळी बाभुळगावहून, मग दारव्ह्याहून, मग पुसदहून. पुसदच्या लोकांनी तर त्याला आदल्या रात्री मुक्कामालाच ठेवून घेतलं होतं. एवढं खात्रीचं गिऱ्हाईक होतं ते, असं म्हणत त्याने बशीतला चहा एका घोटात संपवला.

मग त्याने एक गोष्ट सांगितली आणि मास्तरांचा कप हातातच राहिला. गिऱ्हाईक कधी येणार हे तो कोणालाच सांगत नाही, दुसरे दलाल पळवतात म्हणून. आदल्या संध्याकाळी फक्त अंकुरला फोन करतो.

म्हणजे बाहुली ठेवणाऱ्याला दिवस कळत होता, आणि दिवस कळायला त्या घरातच असावं लागत होतं.

४. वरणफळं

शनिवारी दुपारी आम्ही अंकुरच्या घरी गेलो. अंकुर बँकेत गेला होता. विमलताईंनी जेवायचा आग्रह केला. सुरभी कणकेत ओवा घालून वरणफळं करत होती. मास्तर नाही म्हणतील असा पदार्थ अजून कोणी शोधलेला नाही.

सुरभी बोलली कमी. मास्तरांनी विचारलं, घर विकावं असं तुला वाटतं का? ती म्हणाली, यांनी ठरवलं ते ठरवलं. मग चिंचेचा कोळ काढता काढता सांगायला लागली. पहिल्या घरात गॅस खिडकीखाली होता, दुसऱ्यात भिंतीला, तिसऱ्यात ओटाच इतका उंच की पाटावर उभं राहून पोळ्या लाटल्या. कुठे हळद ठेवली ते आठवायच्या आत खोकी भरायची वेळ येते. गिऱ्हाईक आलं की आपले कपडे दोरीवरून काढायचे, मुलीची चित्रं भिंतीवरून काढायची, म्हणजे घर रिकामं आणि मोठं दिसतं. "आमी राहतो ते दिसू नये असं राहतो, सिस्टर," ती म्हणाली. मला सगळं लेआउट सिस्टरच म्हणतं. मी तिच्याकडे पाहिलं तर तिने तोंड फिरवलं होतं. मला फार वाईट वाटलं.

विमलताईंचं वेगळं दुखणं. शेत बाभुळगावला, जीव तिकडे, पण पोराच्या मागे या घरातून त्या घरात. मागे अंगणात त्यांनी कढीलिंब लावला होता, तो आता कुठे खांद्याएवढा झाला होता. आधीच्या घरांचे कढीलिंब आता दुसऱ्यांच्या फोडणीत पडतात, म्हणाल्या.

दोघींनाही घर जाऊ नये असं वाटतं हे आंधळ्याला दिसलं असतं. मास्तर सरसावून बसले. पण पुढच्या दोन प्रश्नांत हवा गेली. पहिली बाहुली सापडली तेव्हा विमलताई बाभुळगावला बहिणीकडे, चांगला आठवडाभर. दुसरी सापडली तेव्हा सुरभी माहेरी घाटंजीला, भाच्याच्या बारशाला. आणि काल तर दोघीही जिवाच्या आकांताने किंचाळल्या. त्या किंकाळ्या खऱ्या होत्या. त्यावर मी माझी पेन्शन लावायला तयार आहे.

मास्तरांनी वरणफळांवर तूप घेतलं आणि हताशपणे जेवायला लागले. विमलताई स्वतःसाठी वेगळी छोटी कणिक भिजवायला बसल्या. त्यांचं मीठ मीच बंद केलं आहे, रक्तदाबामुळे. सुरभीने उरलेली कणिक परातीत गोळा केली आणि तिकडे न पाहताच त्यावर बोटं दाबली. मग विमलताईंनी आपला गोळा ठेवला. त्यांनीही बोटं दाबली.

माझा घास घशातच अडकला. मास्तरांना वाटलं ठसका लागला, त्यांनी माझ्या पाठीत गुद्दा घातला.

५. बाहुल्यांच्या पाठी

घरी येऊन मी आधी डबा उघडला. इतका वेळ आम्ही बाहुल्यांची तोंडं पाहत होतो. मी त्या पालथ्या केल्या. दोघींच्याही पाठीवर बोटांचे ठसे, ओळीने तीन.

मास्तर भिंग घेऊन पाहत राहिले. हे काही त्यांना समजेना, कारण त्यांनी जन्मात कणिक मळली नाही. मग मी त्यांना शिकवलं. मळलेल्या कणकेचा गोळा गुळगुळीत ठेवला तर तो पिंडासारखा दिसतो, अशुभ. म्हणून बाया त्यावर बोटं उमटवतात. आपण बोटं उमटवतो हे त्यांना कळतही नाही. आमच्यात पिंडदान वगैरे सगळं छप्पन सालीच सुटलं, पण माझ्या सासूबाईंच्या बोटांपर्यंत ती बातमी पोचली नव्हती. बुद्धवंदना म्हणत म्हणत त्या कणकेवर बोटं दाबायच्या आणि मी हसले की रागवायच्या.

"म्हणजे करणी करताना अपशकुन नको म्हणून बोटं उमटवली," मास्तर हळूच म्हणाले.

"अशुभ करायला बसली अन् हात मात्र शुभाचा चालला. माणसाने केलीच नाही ही बाहुली. बाईने केली. अन् एकीने नाही."

ओवा-मिठाची बाहुली वरणफळांच्या कणकेची, ती सुरभीची. फिक्की विमलताईंची. पहिल्या खेपेला सासू गावाला, तेव्हा सूनबाईंनी ठेवली. दुसऱ्या खेपेला सून माहेरी, तेव्हा सासूबाईंनी. एकीचं दुसरीला ठाऊक नाही. म्हणून तर काल सासू पुढच्या दारात किंचाळली आणि सून मागच्या दारात. आपापल्या बाहुलीला कोणीच घाबरलं नाही, दुसरीच्या बाहुलीला घाबरल्या.

मास्तर खुर्चीत मागे टेकले आणि इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. मीही हसले. मग आमच्या दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. या दोघींनी घर वाचवायला करणी केली, आणि त्याच करणीला भिऊन अंकुर घर मातीमोल देणार होता.

बाहेर मोटरसायकल थांबली. अंकुर होता. म्हणाला, बबनरावकाकांनी रविवारपर्यंत थांबायला नको म्हटलं, मुहूर्त आजचाच चांगला आहे. ते इसार घेऊन आले आहेत, साक्षीदार म्हणून सर तुम्ही चला.

६. इसार

हॉलमध्ये बबनराव नव्या खुर्चीच्या अगदी कडेवर बसले होते, घराशी जितका कमी संबंध येईल तितका बरा म्हणून. रामसिंग कागद पुढे सरकवत होता. सुरभी आणि विमलताई स्वयंपाकघराच्या दारात. दोघींचे चेहरे उतरलेले, पण बोलायला एकीचीही जीभ उचलत नव्हती. बोललं तर करणी कबूल करावी लागणार.

मास्तरांनी घसा खाकरला. मला माहीत होतं हे आता पाढ्यांपासून सुरू करणार. त्यांनी दिवस सांगितला, दार सांगितलं, रामसिंगचा फोन सांगितला. मग लिंबाच्या फोडी. बबनरावांचे पाय एव्हाना खुर्चीवर गेले होते. मास्तर जादूटोणा कायद्यावर आले तेव्हा विमलताईंना घाम फुटलेला मी पाहिला. रक्तदाबाची बाई ती. मी मास्तरांना थांबवलं, डबा उघडला आणि दोन्ही बाहुल्या टेबलावर पालथ्या ठेवल्या.

"सुरभी," मी म्हटलं, "ओव्याची तुझी. विमलताई, बिनमिठाची तुमची. घरात भूतबीत काही नाही. दोन भित्र्या बाया आहेत."

मग सुरभी सासूकडे वळली.

"आई, मागच्या दारची तुमची होती?"

"अन् पुढची तुही? पोरी, मी तुह्या पहिल्या बाहुलीपासून उशाखाली अंगारा घेऊन झोपून राह्यली."

"मले ताप भरला होता आई. मले वाटलं, मी खोटी केली अन् आता कोणी खरी करून राह्यलं."

"अन् मंग परत काहून ठेवली तू?" विमलताईंनी विचारलं.

"भूत असलं तरी चालन," सुरभी म्हणाली, "पण आता सामान बांधणं नको."

हळूहळू सगळं बाहेर आलं. सुरभीने पहिली बाहुली मोबाईलवर पाहून केली होती, अंकुरने धंदा शिकला तसाच. विमलताई बाभुळगावहून आल्या, ऐकलं की बाहुली पाहून गिऱ्हाईक पळालं, आणि त्यांना वाटलं कोण्या वैऱ्याने आपल्याला रस्ताच दाखवला. लिंबू वाया घालवायचं दोघींच्याही जिवावर आलं होतं.

अंकुर टेबलाजवळ उभा होता. कधी एका बाहुलीकडे पाही, कधी दुसऱ्या. मला वाटलं आता हा भडकणार. पण त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला होता. "माह्याशी कोणी बोलली काहून नाही?" एवढंच तो म्हणाला.

"बोललो होतो," विमलताई म्हणाल्या. "तू म्हटलं, आई, तुले मार्केट समजत नाही."

इकडे बबनरावांचे पाय जमिनीवर आले होते. घरात काही नाही म्हटल्यावर माणूस ताठ बसला. अंकुरचा हात कागदावरून मागे गेलेला त्यांनी पाहिला आणि घाईघाईने म्हणाले, मग शांतीचा खर्च नाही, तो कापायचा नाही. अंकुर बाहुल्यांकडेच पाहत होता. बबनरावांनी भाव आणखी चढवला. मुलगी शेजारी यायला हवी होती त्यांना, आणि आता हे सोन्यासारखं घर दुसऱ्या कोणी नेलं तर, अशी धास्ती बसली. रामसिंग कशाला गप्प राहतो? पुसदच्या पार्टीला आताच फोन लावून खरं काय ते सांगतो म्हणाला, आणि फोन खरंच कानाला लावला. बबनरावांनी त्याचा हात धरला आणि अंकुरने मागितलेला भाव, पैसा न कापता, कबूल केला.

त्या मेल्या बाजारात तो भाव कोणाला मिळाला नव्हता. हप्ते सुटणार होते, शेत वाचणार होतं, वर नफाही होता. अंकुरचं व्हिडिओतलं गणित एकदाचं बरोबर आलं होतं. मी त्याच्याकडे पाहत होते आणि खरं सांगते, त्याने सही केली असती तर मी त्याला दोषही दिला नसता.

सुरभीने टेबलावरचे कप गोळा केले. "घ्या," ती अंकुरला म्हणाली, अगदी साध्या आवाजात. "चांगला भाव आहे. मी डबे भरायले घेते. मले आता सवय झाली."

ती आत गेली आणि डब्यांची झाकणं लावल्याचे आवाज यायला लागले. एक झाकण, मग दुसरं. विमलताई दाराची चौकट धरून उभ्या होत्या. अंकुरने पेन उचललं, टोपण काढलं, परत लावलं. त्याचं लक्ष कागदावर नव्हतं, तो आवाज ऐकत होता.

"बबनरावकाका," तो म्हणाला, "घर विकणं नाही."

"काहून? तुह्या भावानं घेऊन राह्यलो ना."

"इथं माणसं राहतात."

रामसिंगने फोन खिशात टाकला. मास्तरांनी हप्त्यांचं विचारलं, तसं अंकुर म्हणाला की सोमवारी दत्त चौकातलं दुकान उघडतो, मे महिना आहे, लाईट जाऊनच राहिली आहे, पोटापुरतं सुटेल आणि हप्ता बसेल. जमेलच असं नाही, हे त्यालाही कळत होतं आणि आम्हालाही. बबनराव रागारागाने उठले आणि या वेळी सरळ पुढच्या दाराने गेले.

आतले झाकणांचे आवाज थांबले होते. सुरभी ओट्याला टेकून खाली बसली होती आणि रडत होती, आणि विमलताई तिच्याजवळ बसून तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. मलाही रडू आलं, का लपवू? अंकुर दारापर्यंत गेला आणि तिथेच घुटमळला. या घरात आपण कुठे बसतो, हेच त्याला ठाऊक नव्हतं. इतके महिने तो इथे नुसता उभा राहून भिंती दाखवत आला होता. मग दोघींनी थोडं सरकून जागा केली आणि तो त्यांच्याजवळ खाली बसला.